आईने हंडा घासला!

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. आई-पप्पा चार दिवसांसाठी आमच्याकडे बाणेरला राहायला आले होते. शनिवारी दुपारी मी आणि नवरा पडदे बघायला बाहेर पडलो. तीन दुकानं फिरलो, एकही पडदा घेतला नाही (नेहमीप्रमाणे!), आणि संध्याकाळी घरी येऊन दार उघडलं तर हॉलच्या कोपऱ्यात काहीतरी पिवळंधमक चमकत होतं.

माझा पितळी हंडा!

हा हंडा म्हणजे आमच्या हॉलचा हीरो. एका रविवारी जुन्या बाजारात भर उन्हात घासाघीस करून आणलेला. विकणाऱ्याने पाच हजार सांगितले, मी साडेतीनला मिळवला आणि मग आठवडाभर ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. काळपट-हिरवट रंग, ठिकठिकाणी पोचे, काठाजवळ कुणाचं तरी पुसट झालेलं नाव. देताना तो माणूस बजावून म्हणाला होता, "मॅडम, घासूबिसू नका हं. अँटिक लूक जाईल." मी कशाला घासतेय? मागे राखाडी भिंत, वर एक मंद दिवा, हंड्यात पॅम्पास ग्रास. घरी येणारा प्रत्येक जण आधी त्याचा फोटो काढायचा.

आणि आता तो बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा लखलखत होता. पॅम्पास ग्रास बाल्कनीत. ("वाळकं गवत घरात कशाला गं? दिवाळीत एखादी ठिणगी उडाली म्हणजे?") आईच्या हाताला चिंचेचा वास, चेहऱ्यावर तीन तास मेहनत केल्याचं समाधान. मी कौतुक करेन म्हणून ती वाट बघत उभी.

मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही, पण त्यात 'तुला काही कळत नाही' हे वाक्य होतं. पप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला. नवरा गुपचूप किचनमध्ये सटकला.

आई एकदम चिडत नाही. ती आधी सोफ्यावर बसली, मग म्हणाली, "अगं, असला हंडा मी डोक्यावर वाह्यलाय. रोजच्या तीन खेपा. विहिरीपासून घरापर्यंत. माझी आई म्हणायची, हंडा काळा दिसला तर लोक म्हणतील या घरातल्या बायका आळशी आहेत. तुला तो कोपऱ्यात ठेवायला मिळतोय, म्हणून काळा चांगला दिसतोय."

यावर काय बोलणार, सांगा! मी बेडरूममध्ये जाऊन फोन बघत बसले.

कुणी शिकवलं हे?

पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. काळं पडलेलं पितळ सुंदर असतं, हे मला कुणी शिकवलं? जन्मतः तर नक्कीच माहीत नव्हतं. मी पिंपरीतल्या दोन खोल्यांत वाढले. पप्पा कंपनीत फिटर. आमच्या बाहेरच्या खोलीत एक शोकेस होती आणि ती म्हणजे घराची शान. त्यात काचेचा ताजमहाल, प्लॅस्टिकची गुलाबं, पिशवीतून कधीच बाहेर न काढलेली बाहुली, माझी निबंध स्पर्धेची ढाल आणि सहा कपांचा बोन चायनाचा सेट. टीव्हीवर क्रोशाचं कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडललाही कव्हर. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी हेच होतं, कबूल करा!

२००९ साली मला पहिली नोकरी लागली, एका डिझाइन एजन्सीत. तिथे पहिल्या महिन्यात बॉसने टीमला घरी जेवायला बोलावलं. प्रभात रोडवरचं जुनं घर. मी नवा ड्रेस, मॅचिंग कानातले, मॅचिंग पर्स अशा थाटात. आणि त्यांच्या घरात काहीच नाही! शोकेस नाही, सोफासेट नाही. एक भारतीय बैठक, विटलेली सुती चादर, भिंतभर पुस्तकं. बाई स्वतः चुरगळलेल्या हातमागाच्या कुर्त्यात. आणि चहा आला तो चक्क टवका उडालेल्या कपात.

तो कप मी अजून विसरलेले नाही. आमच्या घरी पाहुण्यासमोर टवका उडालेला कप गेला असता, तर आईला आठ दिवस झोप लागली नसती. पाहुणा बाहेर जाऊन काय म्हणेल? यांच्याकडे धड कप नाहीत! प्रभात रोडच्या घरी हे कुणी म्हणणारच नव्हतं. तिथे त्याच कपाला 'आजीच्या सेटमधला शेवटचा' असा इतिहास होता. गरीब समजले जाण्याची भीतीच ज्यांना नाही, ते फुटक्या कपात खुशाल चहा देऊ शकतात. हे मला आत्ता सुचतंय. त्या दिवशी मला फक्त माझे मॅचिंग कानातले काढून पर्समध्ये टाकावेसे वाटले. जिन्यात टाकलेही.

मग मी शिकले. जाम शिकले. रंग कमी करायला शिकले, चमकी टाळायला शिकले. 'पानी' म्हणायचं बंद केलं, आरशासमोर उभं राहून 'पाणी, आणि, कोण' घोटले. घरी आम्ही चपाती म्हणतो. पोळी म्हणजे पुरणाची, सणावाराची. ऑफिसात डबा उघडताना मी 'पोळी' म्हणायला लागले. पप्पांना घरी पप्पा, ऑफिसात 'बाबा'. एकाच माणसाची दोन नावं, आणि त्यांना त्यातलं एक माहीतच नाही.

मोकळी जागा किती रुपये चौरस फूट?

आज माझं पोटच टेस्टवर चालतं. मी मोबाइल अ‍ॅप्स कशी दिसावीत हे ठरवते. क्लायंटची फर्माईश ठरलेली असते, "प्रीमियम दिसलं पाहिजे, मासी नको." मासी म्हणजे मावशी नव्हे, तर 'मास'वाली, पब्लिकसाठीची. फंडा सोपा आहे. प्रीमियम करायचं तर वस्तू कमी करा, मोकळी जागा वाढवा, रंग उतरवा. तुळशीबागेतल्या दुकानात एका खिळ्यावर पन्नास बांगड्यांचे जोड लटकतात; महागड्या शोरूममध्ये अख्ख्या फळीवर एकच पर्स बसलेली असते. आपण त्या पर्सचे पैसे देतो की तिच्या आजूबाजूच्या रिकाम्या फळीचे?

दोन खोल्यांत पाच माणसं राहतात, तेव्हा मिनिमलिझम कुठे मांडणार? जे काही चांगलं आहे ते लोकांना दिसेल असं आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायचं. त्यासाठी शोकेस. टीव्ही हप्त्यावर घेतलाय, तो दहा-पंधरा वर्षं टिकला पाहिजे. त्यासाठी कव्हर. आईच्या प्रत्येक 'डाउनमार्केट' सवयीमागे असा एक हिशेब आहे, आणि तो हिशेब मी सोळा वर्षं हसण्यावारी नेला.

हंड्याचंच बघा ना. आपल्या आज्या-पणज्यांनी पितळेची भांडी मोडीत घालून स्टील घेतलं, म्हणून आज आपण हळहळतो. काय तो वारसा, काय ती कारागिरी! पण पितळेच्या भांड्याला कल्हई लागते, ती उडाली की पुन्हा कल्हईवाल्याची वाट बघायची. कल्हई नसेल तर ताक कळकतं, आमटी कळकते. रोज राख, चिंच, काथ्या घेऊन घासायचं, आणि घासणारी कोण? घरातली बाईच. स्टील आलं आणि हे सगळं संपलं. हलकं, गंज नाही, कल्हई नाही. त्यावर मशीनने टिंबाटिंबांनी नावं कोरून घेतली जायची, तारखेसकट. आईच्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यावर तिच्या मामाचं नाव आहे. तो डबा तिच्या दृष्टीने आधुनिक, सुंदर, आपल्या घराने एक पायरी वर चढल्याची खूण. आता पायरी चढून झाल्यावर मी परत खाली उतरून पितळ विकत घेते आणि त्याला टेस्ट म्हणते!

कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजूनही तांब्याचं मठारकाम चालतं. त्या ठोक्याठोक्यांच्या नक्षीचे ग्लास आणि दिवे आता इंटिरिअरवाल्यांच्या यादीत असतात. छान आहे, कारागिरांना काम मिळतंय. पण ती ठोक्यांची नक्षी पत्रा मजबूत करण्यासाठी असते, हे घेणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं? मलाही आळीत जाईपर्यंत नव्हतं.

सूर्यास्त आवडतो? अरेरे!

पिअर बूर्दिए नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने या विषयावर १९७९ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. स्वतः एका खेड्यातल्या पोस्टमनचा मुलगा, पुढे पॅरिसमधला नामवंत प्राध्यापक. त्यामुळे हा माणूस काय म्हणतोय ते मला दोन पानांतच कळलं (पुढची पाचशे पानं कळली नाहीत, तो भाग वेगळा). १९६० च्या दशकात त्याने बाराशेहून जास्त फ्रेंच लोकांना प्रश्नावल्या दिल्या होत्या. घरातलं फर्निचर कुठून घेता, कोणतं संगीत आवडतं, अमुक गोष्टीचा फोटो सुंदर येईल का? सूर्यास्ताचा? कोबीच्या गड्ड्यांचा? झाडाच्या सालीचा? साध्या कामगारांना सूर्यास्त सुंदर वाटला. जास्त शिकलेल्या, वरच्या वर्गातल्या मंडळींनी सूर्यास्ताला नाक मुरडलं आणि कोबी, झाडाची साल यांत सौंदर्य शोधलं. त्याचं म्हणणं असं, की पोटापाण्याच्या गरजेपासून माणूस जितका लांब, तितकी त्याला वस्तूच्या उपयोगाकडे काणाडोळा करून नुसतं 'रूप' बघण्याची चैन परवडते.

म्हणजे आईने फ्रेंच न शिकता सोफ्यावर बसून जे सांगितलं, तेच!

आपल्याकडे याची उदाहरणं ढिगाने. खण घ्या. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा, आजीच्या चोळीचा खण. आईच्या पिढीने तो टाकून नायलॉनची साडी धरली, कारण ती धुतली की तासाभरात वाळायची, इस्त्री नको, खळ नको. आता खणाच्या साड्या, खणाच्या डायऱ्या, खणाचे लॅम्पशेड. मी आईला खणाची साडी दिली तर ती म्हणाली, "अख्खी साडी चोळीच्या कापडाची?" आमच्या बाथरूमला सिमेंटचा महागडा गुळगुळीत थर दिलाय, त्यावर डिझायनरने तासभर लेक्चर दिलं होतं. आईने पायाने चाचपलं आणि म्हणाली, "कोबाच आहे की."

आणि भाकरी! २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं आणि ज्वारी-बाजरी एकदम 'मिलेट्स' होऊन मेन्यू कार्डावर जाऊन बसली. आई सोलापूर जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. खडी फोडण्याच्या कामावर सुकडी मिळायची. गव्हाची चपाती म्हणजे सण. त्यामुळे ती अजूनही पाहुण्यांना भाकरी वाढत नाही, चपातीच करते. माझ्या मैत्रिणी हिरमुसतात, त्यांना 'ऑथेंटिक' हवं असतं.

आता एक अवघड गोष्ट. 'क्लास क्लास' करताना आपण मराठी माणसं एक शब्द गिळतो, तो म्हणजे जात. साधी राहणी कुणाला शोभते आणि कुणाला ती दारिद्र्य म्हणून चिकटते, हे आपल्याकडे पगारावर ठरत नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ चं पुस्तक मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकाबद्दल आहे. ज्या पदार्थांना 'मराठी खाद्यसंस्कृती'च्या पुस्तकांत कधी पान मिळालं नाही, त्यांची ही नोंद. ते वाचताना मला माझ्याच डब्याची आठवण झाली, आणि मग लाजही वाटली. कारण माझा डबा निदान उघडता तरी येत होता.

गांधीजींनी १९२१ मध्ये पंचा नेसायला सुरुवात केली, जग भारावलं. बाबासाहेब आयुष्यभर कडक सुटाबुटात राहिले. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी जमलेल्या बायकांना सांगितलं होतं, की ज्या दागिन्यांवरून आणि लुगडं नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून तुम्ही कोण ते ओळखू येतं, ते सोडा. स्वच्छ, नीटनेटक्या राहा. ज्याला वर्गाबाहेर बसवलं गेलं त्याला चुरगळलेला कुर्ता परवडत नाही. आमच्या एजन्सीत मीही पाच वर्षं इस्त्री केल्याशिवाय एकही कुर्ता घातला नाही. बॉसबाई खुशाल चुरगळलेल्या.

मोराचं घड्याळ

हंड्याच्या भांडणाने आई दुखावली असं मी समजत होते. ते खरं नव्हतं. तिचं दुखणं जुनं होतं.

आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आईने एक घड्याळ दिलं होतं. सोनेरी मोर, पसरलेला पिसारा, त्यात लाल-हिरवे खडे, दर तासाला वेगळी धून. भिशीचा नंबर लागला त्या पैशांतून घेतलेलं. पाहुणे गेले आणि मी ते खोक्यासकट माळ्यावर टाकलं. आई-पप्पा यायचे असले की काढायचं, सेल टाकायचा, शू-रॅकच्या वरच्या खिळ्याला लावायचं. ते गेले की परत माळा. तीन वर्षं हा कार्यक्रम बिनबोभाट चालला. मला वाटायचं, काय स्मार्ट आहे मी!

त्या दिवाळीत मात्र गडबडीत सेल टाकायचा राहिला. घड्याळ भिंतीवर होतं, पण पावणेपाचवर थांबलेलं, आणि पिसाऱ्याच्या घडीत माळ्यावरचं जळमट. आईने बघितलं असणार. पहिल्याच दिवशी. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने हंडा घासायला घेतला. दोन्हींचा संबंध असेल असं मी म्हणत नाही. पण चार दिवसांनी निघताना ती सहज म्हणाली, "ते मोराचं मी घेऊन जाऊ का गं? आमच्या हॉलमधलं बंद पडलंय. खोकं कुठंय त्याचं?"

खोकं कुठे आहे हे मला पटकन सांगता आलं. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. पप्पांनी घड्याळ काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि तिने ते खोक्यात घालून दोरी बांधली. कॅबमध्ये मांडीवर घेऊन बसली. मी "अगं राहू दे ना" म्हटलं, पण अगदी हळू.

राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी लागल्या. ज्यांना देवळात पाऊल टाकायची बंदी होती, त्यांच्याही घरी. जाणकारांनी नाकं मुरडली. आनंद कुमारस्वामींसारख्या मोठ्या समीक्षकाला रविवर्मांची चित्रं नाटकी वाटायची. आज त्याच छापील चित्रांच्या जुन्या प्रती जाणकार मंडळी फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात. मोराच्या घड्याळाचंही असं काही होईल का? माझी नात ते जुन्या बाजारातून साडेतीन हजारांना आणेल, आणि विकणारा बजावेल, मॅडम, धून दुरुस्त करू नका हं?

मागच्या महिन्यात चिंचवडला गेले होते. (रिटायर झाल्यावर पप्पांनी तिथे वन बीएचके घेतलाय. चकचकीत टाइल्स, नवी शोकेस.) घड्याळ बरोब्बर टीव्हीच्या वर आहे, कालनिर्णयच्या शेजारी. आठ वाजले आणि मोराने धून सुरू केली. पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. धून संपेपर्यंत दोघंही गप्प बसतात, हे मला माहीतच नव्हतं. संपल्यावर परत टीव्ही.

"हंडा कसा आहे?" आईने विचारलं.

"आहे तसाच. थोडासा काळा पडायला लागलाय."

"मग तुझं बरंच झालं की." ती लसूण सोलत होती. "आणि लवकर काळा पाहिजे असेल ना, तर पावसाळाभर गॅलरीत ठेव. आपोआप होतोय. साडेतीन हजार कशाला घालवायचे?"